बहादरपूरची रोजाबाई

दीड महिना होत आला. पुण्यात ऑफिसला निघत होते, तेवढ्यात बाबांचा फोन आला. नुसतं "बेटा..." म्हणाले. मागून मोठ्या आईचं, म्हणजे माझ्या थोरल्या काकूचं रडणं ऐकू येत होतं. "माझी रोजा गेली वं माय..." तेव्हा कळलं, आई गेली.

माझी आई युगांडाची. नाव रोज, गावानं तिची रोजाबाई केली. बाबा मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळच्या बहादरपूरच्या केळीवाल्या शेतकऱ्याच्या घरातले, पण जीव मशीनमध्ये. युगांडातल्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून गेले, तिथल्या दवाखान्यातल्या नर्सशी लग्न केलं आणि मला कडेवर घेऊन परतले. रंग मी आईचा घेतला, नाक बाबांचं, आणि केस दोघांचंही न ऐकणारे. शाळेत मुली माझ्या केसांत पेन्सिल खोचून बघायच्या, पडते का. मी रडत घरी आले की आई म्हणायची, "परत देऊ नको. पेन्सिल आपली झाली." बुऱ्हाणपूरच्या बाजारात दुकानदार तिला विचारायचे, "मॅडम, कौनसे देश से?" "बहादरपूर," एवढं सांगून ती आमच्या मराठीत भाव करायला लागायची.

घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मोठी आई कित्येक वर्षं आईच्या हातचं पाणी प्यायली नाही. एकाच अंगणात दोन चुली, आणि बोलणं माझ्यामार्फत. मी दुसरीत असेन, शेजारी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आई हिरवी साडी नेसून, मला घेऊन बायकांच्या रांगेत बसली. यजमानीणबाई एकेकीला कुंकू लावत आली आणि आईला वगळून पुढच्या बाईकडे वळली. आईला कळलंच नाही. ती तशीच बसून राहिली, कपाळ थोडं पुढे केलेलं... ते कपाळ मला अजून दिसतं. पलीकडे बसलेली मोठी आई उठली. तिनं त्या बाईच्या हातातला करंडा घेतला आणि स्वतः आईला कुंकू लावलं. "आमच्या घरची सून आहे ही," एवढंच म्हणाली. वाण न घेता आम्ही तिघी घरी आलो.

त्या संध्याकाळी मोठी आई पहिल्यांदा आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. आईनं तिच्या माहेरच्या पद्धतीनं कच्ची केळी पानात गुंडाळून वाफवली होती. ती कुस्करून, वर शेंगदाण्याचा रस्सा घालून तिनं ताट पुढे केलं. मोठी आई निमूट जेवली. "मीठ कमी पडलं," म्हणाली, आणि पाण्याचा तांब्या मागितला. आई तो भरायला वळली ती बराच वेळ वळलेलीच राहिली.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. मला बघायला आलेल्या एका बाईंनी हळूच विचारलं होतं, "मुलं कुणावर जातील हो?" आई चहाचा ट्रे हातात घेऊन उभी होती. "माझ्यावर गेली तर?" तिनं विचारलं. ती माणसं पोहे अर्धे टाकून उठली. मला त्यांचं काही वाटलं नाही. पण त्यानंतर पाहुणे यायचे असले की आई शेतावर काम काढायची. मी कितीदा म्हटलं, थांब ना... "केळीला पाणी कोण देईल?" म्हणायची. पाणी द्यायला गडी होता.

तिच्या अंत्ययात्रेला सगळी गल्ली आली. मोठ्या आईनं तिला हिरवी साडी नेसवली, कुंकू लावलं, आणि तिच्या गालांवरून हात फिरवत बसली. उठवलं तरी उठेना.

आईचा मोबाईल मी पुण्याला घेऊन आले आहे. गेल्या रविवारी तो वाजला. युगांडाची मावशी होती; आई गेल्याचं बाबांनी तिला कळवलं होतं. मी "हॅलो" म्हटलं. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, तुझा आवाज तिचाच आहे गं... आणि त्यांच्या भाषेत बोलायला लागली. ती भाषा आईनं मला कधी शिकवली नाही. मी इथलीच वाटावी, म्हणून असेल. एकही शब्द मला कळत नव्हता. पण मी फोन ठेवला नाही. मावशी मधेच थांबली, की मी आई फोनवर म्हणायची तसं "हं" म्हणत होते, आणि ती पुढे बोलत होती.