विहिरीतला पिंपळ

"कुठी चालला? कवा येशीन?"

सगळीकडच्या बँकांतले गार्ड आत येणाऱ्याला हटकतात. आमच्या अकोल्याच्या शाखेतले फौजीभाऊ बाहेर जाणाऱ्याला हटकायचे. खांद्याला दुनळी बंदूक, मिशीला कलप आणि एक हात काचेच्या दाराच्या मुठीवर. माणूस पासबुक खिशात कोंबत दाराशी आला की ती मूठ हलायची नाही. आधी प्रश्न, मग उत्तर, मग दार. तरण्या पोरांची तर सुटकाच नव्हती. पोरगं भांबावून सांगायचं, घरी चाललो काका, परत कशाला येऊ? तेवढ्यानं फौजीभाऊंचं समाधान व्हायचं आणि दार उघडायचं.

मी राहणारी अमरावतीची. रोज बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला यायचं आणि संध्याकाळी तशीच परत. मलाही रोज तेच. "मॅडम, कुठी? कवा येसान?" पहिला आठवडा मी नीट उत्तरं दिली. दुसऱ्या आठवड्यात माझं डोकं सटकलं. गाडीची वेळ झालेली आणि हा बाबा चौकशी करत उभा! म्हटलं, चंद्रावर चालले, पुढच्या जन्मी येते. त्यांनी शांतपणे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, "उद्या टायमावर या मंग," म्हणाले आणि दार उघडलं. माझी गाडी चुकली ती चुकलीच. फलाटावर बसून मी एकटीच हसत होते, लोक बघत होते.

एका व्यापाऱ्यानं तक्रार केली. आमचे मॅनेजर पुण्याहून बदलून आलेले, वऱ्हाडी बोलणं त्यांना आधीच अंगावर आल्यासारखं वाटायचं. त्यांनी फौजीभाऊंना केबिनमध्ये बोलावून समज दिली की ग्राहकांच्या खासगी चौकशा करायच्या नाहीत. फौजीभाऊंनी "जी साहेब" म्हणून सलाम ठोकला. संध्याकाळी साहेब स्वतः निघाले, तर मूठ हलेना. "साहेब, कुठी? कवा येसान?" साहेब बिचारे सांगून मोकळे झाले. त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल, ज्याची खोड आपल्याला आधी छळते आणि नंतर तिच्याशिवाय करमत नाही. फौजीभाऊंना दुसरीही एक सवय होती. काहीही विचारा, "पायलं तेवढंच सांगतो", म्हणजे पाहिलं तेवढंच, हे पालुपद ठरलेलं. एकदा बँकेसमोरून एक स्कूटर चोरीला गेली. मालकाचा संशय शेजारच्या चहावाल्यावर. पोलीस आले, म्हणाले, तुम्ही दारातच होता, बोला. फौजीभाऊ म्हणाले, "पायलं तेवढंच सांगतो. गाडी होती. मंग नव्हती." मधलं काय, असं पोलिसानं विचारलं, तर म्हणे मधात मी आत पाहून राह्यलो होतो. पोलिसानं कपाळाला हात लावला. पण चहावाला वाचला. स्कूटर दोन दिवसांनी मालकाच्याच मेहुण्याकडे सापडली.

बँकेत रांगेसमोर एक टीव्ही होता. सीरियात तेव्हा यादवी पेटलेली आणि तिथे रशियाची विमानं जाऊन उतरली होती. आमच्या मॅनेजरांना या विषयाचा भारी उत्साह. जेवणाच्या सुट्टीत ते आपल्या डब्याचे चार कप्पे मांडून नकाशा समजावून सांगायचे. त्यांचं म्हणणं, महासत्तेनं हात घातला की प्रश्न मिटतो, बघाच तुम्ही. कारकुनांचे दोन तट पडले, मॅच असल्यासारखे. मग कोणाला तरी आठवलं की आपले फौजीभाऊही असेच परक्या देशातल्या भांडणात जाऊन आलेत. तिकडच्या सरकारचं आणि तमिळ लढवय्यांचं जुंपलेलं असताना आपली फौज श्रीलंकेत शांतता राखायला गेली होती, त्यात हे होते. मग काय, सगळे मागे लागले. सांगा भाऊ, कोण जिंकते?

फौजीभाऊंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "ते रशियाचे पोट्टे पानी कोनाच्या इहिरीचं पेत असतीन?"

सगळे हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, आमी गेलो तवा लोकायनं गयात हार घातले, शहाळे देल्ले. थोड्या दिवसात त्याच लोकायनं दारं लावून घेतली. भांडन त्यायचं, मधात उभे आमी, आन मार दोनी अंगानं. जानं सोपं हाय साहेब. गेल्यावर कोनाच्या तरी इहिरीचं पानी प्याच लागते, आन ते लोकं आपल्याकडं कसे पायतात ते रोज पाहा लागते. एवढं बोलून त्यांनी डबा बंद केला. रशियाचं काय ते मात्र सांगितलं नाही. रशिया त्यांनी पाहिला नव्हता.

आता त्या पिंपळाबद्दल सांगते. फौजीभाऊंचं गाव बाळापूरजवळ. तिथल्या विहारासमोर एक मोठा पिंपळ आहे. ते रोप फौजीभाऊंनी लंकेहून आणलं, एवढं पंचक्रोशीला ठाऊक. त्यांची आई लहानपणी बापाचं बोट धरून नागपूरला दीक्षा घेऊन आलेली. मुलगा लंकेला निघाला तेव्हा तिनं वस्तीत साखर वाटली होती. लंका म्हणजे बुद्धाचा देश, अनुराधपूरला खुद्द बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी नेऊन लावलेली. फौजेनं फुकटात पोराला यात्रा घडवली, असं साऱ्या वस्तीचं मत पडलं. विहारात वंदना झाली, गळ्यात हार पडले. लढाईला निघालेल्या माणसाला कोणी इतक्या आनंदानं निरोप दिला नसेल.

आणि पोरगा परत आला तो दुधाच्या पावडरीच्या डब्यात पिंपळाचं रोप घेऊन. लंका आणि पिंपळ! मायला आणखी काय पाहिजे? त्यांनी त्याच दिवशी सांगितलं की माय, आमाले उत्तरेत उतरवलं, तमिळ मुलखात, अनुराधपूर मी पायलंच नाही. मायनं डोक्यावरून हात फिरवला आणि लोकांना म्हणाली, पोट्ट्याले गर्व नाही बाप्पा. रोप काळ्या मातीत लागलं, वाढलं, त्याला पार बांधला गेला. फौजीभाऊ पुढची तीसेक वर्षं सांगत राहिले आणि जेवढं सांगतील तेवढा त्यांच्या नम्रतेचा बोलबाला वाढत गेला. पाहिलं तेवढंच सांगणाऱ्या माणसाची ही एकच गोष्ट कोणी ऐकून घेतली नाही. मी सुद्धा हसून सोडून दिली होती.

मग विहाराच्या कमिटीनं ठरवलं की पाराला संगमरवरी पाटी लावायची. फौजीभाऊ दुपारी माझ्या टेबलाशी आले. बँकेतल्या सूचना मीच लिहायची, म्हणून पाटीचा मजकूर माझ्याकडून हवा होता. मी लिहू लागले, "अनुराधपूरच्या पवित्र बोधिवृक्षाचे..." त्यांनी कागदावर हात ठेवला. मी जरा चिडूनच म्हटलं, अहो, इतकी वर्षं चाललं ना? तुमच्या आईचं वय काय, तिची श्रद्धा काय. कोणाचं काय बिघडतं?

"मंग त्या बाईची इहीर कुठी जाईन मॅडम?"

कोणती बाई, असं विचारल्यावर ते पहिल्यांदा माझ्यासमोर खुर्चीवर बसले. जाफना भागातल्या एका गावात यांची चौकी होती. चौकीला लागून एका विधवा बाईचं घर, ताडाच्या झावळ्यांचं कुंपण, लाल माती आणि गोड्या पाण्याची विहीर. बाई आधी स्वतः पाणी शेंदून द्यायची. विहिरीच्या भिंतीत पिंपळ उगवला होता. आज ना उद्या तो दगड फोडणार, पण पिंपळाला हात लावायला ती धजत नव्हती. मी मुळासकट काढून देतो, असं यांनी खुणांनी कबूल केलं होतं. तिला एकुलता एक मुलगा, यांच्याच वयाचा, तरणाबांड. मग लढाई पेटली. एका सकाळी तो पोरगा सायकलवर घासलेटची बाटली टांगून नाक्यावर आला. यांची ड्युटी होती. ओळखीचा चेहरा, यांनी आडवा बांबू वर केला. पोरगा हसला आणि गेला.

"कुठी चालला, कवा येशीन, काहीच इचारलं नाही मी. माहा इचारायचा हक्क होता, कामच होतं ते. इचारलं नाही. तवापासून इचारतो."

तो परत आला नाही. कुठे गेला, कोणी नेला, कळलं नाही. त्याची आई रोज चौकीवर यायची आणि यांनाच विचारायची, कारण त्याला शेवटचं यांनीच पाहिलं होतं. यांना तमिळ येत नव्हतं. माहीत नाही, एवढा एक शब्द यांनी दुसऱ्या जवानाकडून शिकून घेतला. रोज तोच शब्द तिला द्यायचा आणि तिच्याच विहिरीचं पाणी प्यायचं. फौज परतायची वेळ आली तेव्हा यांना आपलं कबूल केलेलं काम आठवलं. विहिरीत उतरले, रोप मुळासकट काढलं, भेगेत चुना भरला. वर येऊन पाहतात तर बाई दारात उभी. ती आत गेली, दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा आणून उंबऱ्यावर ठेवला आणि दार लावून घेतलं.

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, तिनं तुम्हाला माफ केलं हो. त्यांनी मान हलवली. "तसं मी म्हनत नाही. पिंपळ जमिनीवर फेकू नये म्हनून बी देल्ला असन. डबा देल्ला. पायलं तेवढंच सांगतो."

मी मजकूर लिहून दिला, तमिळ बाईच्या विहिरीतलं रोप असा. कमिटीचे अध्यक्ष तो वाचून म्हणे हसले, फौजीचा विनय पाहा म्हणाले, आणि अनुराधपूरचं नाव कोरून मोकळे झाले.

कार्यक्रमाला मी बाळापूरच्या बसनं गेले होते. पारासमोर मांडव, पांढऱ्या कपड्यांतली वस्ती, पहिल्या ओळीत खुर्चीवर फौजीभाऊंची माय. सत्तरीच्या पुढची, पण नजर तिखट. तिला एकदा खरं ऐकवायचं म्हणून फौजीभाऊंचा जीव तुटत होता. पडदा सरकला, पाटी दिसली, टाळ्या झाल्या. फौजीभाऊ उठून म्हणाले, हे झाड अनुराधपूरचं नाही. पुन्हा टाळ्या! त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, पुन्हा टाळ्या. मग त्यांनी माईक खाली ठेवला आणि नुसत्या तोंडानं, मायकडे पाहत, विहिरीपासून डब्यापर्यंत सगळं सांगितलं. टाळ्या थांबल्या. अध्यक्षांचा चेहरा उतरला. सगळा मांडव म्हातारीकडे पाहू लागला.

"त्या बाईचं पोट्टं आलं का मंग?" माय म्हणाली.

"माईत नाही माय."

मग तिचा आवाज चढला. "आन मी ज्याच्यात मीठ ठेवतो, तो डबा त्या बाईचा व्हय? लोकाचा डबा इतके वर्स घरात ठेवला आन मले सांगतलं नाही तुनं?"

फौजीभाऊ, हा बंदूकधारी मिशीवाला माणूस, शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. कोणीतरी हळूच विचारलं की आजी, मग या झाडाचं काय? म्हातारी म्हणाली, पिंपळ तं पिंपळच हाय. बुद्ध भगवान काही सातबारा पाहून बसले नोयते. आणि पाटीचं? खर्च झालाय म्हणून अध्यक्ष कुरकुरू लागले, तर तिनं तिथल्या तिथे निकाल दिला, दगड उलटा करा आन मांगून लिहा. आज पाराला जी पाटी आहे तिच्यावर माझा मजकूर आहे. अनुराधपूर सिमेंटच्या बाजूला गेलं.

त्यानंतर फौजीभाऊ निवृत्त झाले. निवृत्तीच्या समारंभात त्यांना काय बोलायचं ते विचारलं, तर म्हणाले, घरी चाललो, आता येत नाही.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी नेहमीसारखी अकोल्याला उतरले, तर समोरच्या फलाटावर त्यांच्या गावची मंडळी. पांढरे कपडे, पिशव्या, गलका. सगळे अनुराधपूरला निघाले होते. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढे विमान. मी तिकडे गेले, तर फौजीभाऊ गाडीत खिडकीशी बसले होते आणि मांडीवर कापडी पिशवी. मंडळी बोधिवृक्षाला जाणार, हे तिथून एकटे उत्तरेकडची बस धरणार होते. त्यांनी पिशवी उघडून दाखवली. तोच डबा, बुडाशी गंजलेला, घासून लख्ख केलेला. तिळाच्या लाडवांचा वास आला.

"मायनं भरून देल्ले. लोकाचा डबा आपन रिकामा वापस करत नाही ना."

मला राहवलं नाही. म्हटलं, फौजीभाऊ, इतकी वर्षं झाली, ती बाई नसली तर? ते म्हणाले, घर असन. घर नसन तं इहीर असन, इहीर कुठी जाते? बँकेत दारावर उभे असायचे तसेच ताठ बसले होते. गाडीनं शिटी दिली, तेव्हा मी खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला. कुठी चालले? कवा येसान?

फौजीभाऊंना मी तोवर मोठ्यानं हसताना पाहिलं नव्हतं.

"पायल्यावर सांगतो, मॅडम."

अजून आलेले नाहीत. बँकेत कंपनीचा नवा गार्ड आहे, मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो आणि काही न विचारता दार उघडतो. मी मात्र निघताना दाराच्या मुठीवर हात ठेवून थांबते, आणि अमरावतीला चालले, उद्या येते, असं त्याला सांगूनच बाहेर पडते.