व्याह्यांचा स्टेंट आणि माझा

बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मी पाण्याचे पंप तपासतो. म्हणजे हार्ट अटॅक येईपर्यंत तपासत होतो. परत कामावर यायचं तर एकोमध्ये हृदयाचं पंपिंग सुधारलेलं दिसलं पाहिजे, असं कंपनीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ते मेलं सुधारत नव्हतं.

राजाजीनगरचे आमचे व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, यांनाही माझ्या थोडे दिवस आधी अटॅक येऊन स्टेंट बसला. त्यांचं पंपिंग झकास. दर रविवारी आमचे जिने चढून येतात आणि धाप न लागता विचारतात, "काय अण्णा, अजून स्वल्प कमीच का?"

एका रविवारी मी दोघांची स्टेंटची कार्डं शेजारी शेजारी ठेवली. त्यांचा आखूड आणि रुंद, माझा लांबलचक आणि बारीक. बारीक नळीतून पंपाला पुरणार किती?

बायको म्हणाली, "अहो, माणूस आहात तुम्ही. बोअरवेल नाही."

ऐकेन तर मी कसला. पुढच्या तपासणीला दोन्ही नळ्यांची आकृती काढून डॉक्टरबाईंपुढे ठेवली. "मॅडम, माप चुकलंय. मोठा बसवून द्या."

बाईंनी न हसता आकृती नीट बघितली, तेच मनाला जास्त लागलं.

"रक्तवाहिनी तेवढी, म्हणून स्टेंट तेवढा. अडथळा लांब, म्हणून तो लांब. असा स्टेंट पुन्हा अरुंद व्हायची भीती जास्त, तेव्हा गोळ्या चुकवू नका. पण आत्ता रक्त छान वाहतंय. कमजोर झालाय तो हृदयाचा स्नायू, उपचाराला उशीर झाला की होतो तसा. दुखायला लागल्यावर किती वेळानं आलात?"

"सकाळी दुखलं, संध्याकाळी आले," बायकोनं सांगून टाकलं. "पंपाची चाचणी चालू होती ना. मधे जिरा सोडा पीत होते."

"आणि व्याही?"

"ते ढेकर आला तरी दवाखाना गाठतात," मी म्हणालो. एरवी याला घरात हमखास हशा मिळतो.

पंपाचा आवाज बदलला की आधी बंद करा, मग विचार करा, हे कारखान्यात सगळ्यांना मीच शिकवलंय.

"सुधारेल?"

"थोडा सुधारेल. पूर्ण, ते आज सांगता येत नाही. रोज चाला, मग पुन्हा एको करू."

रविवारी व्याही मला खाली चालायला घेऊन गेले. वळणावर ते थांबले आणि वाकून चपलेचा पट्टा नीट करत बसले, मी गाठावं म्हणून. पट्ट्याला काहीही झालेलं नव्हतं. असा राग आला मला. पण रागावलं की धाप लागते, म्हणून तोही अर्ध्यावर सोडून द्यावा लागला.