काचेमागचा आवाज

मुलांच्या रागावर इलाज करणाऱ्या बाईंचा स्वतःचा राग दवाखान्यात कुणी पाहिला नव्हता. कारण सोपं होतं, तो त्या घरी ठेवून येत. कामावर त्यांचा आवाज असा मऊ, की ऐकणाऱ्याला डुलकी यावी. घरी तोच आवाज शेजाऱ्यांनाही पाठ होता. त्याला कंटाळून त्यांची कॉलेजातली लेक मावशीकडे निघून गेली होती आणि फोन घेत नव्हती. बाई हे कुणाला सांगत नसत. सांगणार तरी कोणत्या तोंडाने?

त्यांची पद्धत मात्र नामी होती. खोलीत पालक आणि मूल खेळत बसायचे. बाई एकतर्फी काचेमागून माईकवर बोलायच्या आणि पालकाच्या कानातल्या यंत्रात ते ऐकू यायचं. हुकूम सोडू नका, प्रश्न विचारू नका, कौतुक करा.

त्या दिवशी आत वाहतूक हवालदार आणि त्याचा सहा वर्षांचा मुलगा होता. मुलगा हाताला लागेल ते भिरकावायचा, म्हणून बाहेर बसणाऱ्या आयांनी त्याचं नाव तोफखाना ठेवलं होतं. हवालदार उभा जन्म हुकूम सोडत आलेला, पण वरून आलेला हुकूम पाळण्यातही पक्का. कानात येईल ते तो शब्दन्‌शब्द बोलायचा.

"किती छान मनोरा रचलास," तो गुरगुरला. मुलगा चक्क हसला.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. बाईंनी झडप घातली आणि माईक बंद करायला विसरल्या.

"आई, मी आता मावशीकडेच राहणार आहे."

"गप बस!" बाई कडाडल्या. "मुकाट्यानं घरी ये, नाहीतर तंगडं मोडून ठेवीन!"

काचेपलीकडे हवालदाराने छाती ताणली आणि मुलाला सुनावलं, "गप बस! मुकाट्यानं घरी ये, नाहीतर तंगडं मोडून ठेवीन!"

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मुलाने ठोकळा उचलला. आता काच फुटणार! पण त्याने तो खाली ठेवला आणि बाप इतके दिवस कानातलं ऐकून त्याला जे म्हणत आला होता तेच म्हणाला, "बाबा, तुम्ही रागावलात. मी इथेच बसतो तुमच्याजवळ."

बाईंनी घाईघाईने माईक बंद केला. उसनं घ्यायची त्यांना कधी लाज नव्हती. फोनवर मधाळ सुरात म्हणाल्या, "बाळा, तू रागावलीस. मी आहे ना तुझ्याजवळ."

"आई, हा कामावरचा आवाज आहे," लेक म्हणाली. "मघाशी ओरडलीस, तेव्हा निदान माझ्याशी तरी बोलत होतीस."

फोन बंद झाला. बाईंना रडू कोसळलं.

पलीकडे मुलगा बापाच्या मांडीवर चढला होता. हवालदाराने कानातलं यंत्र चाचपलं आणि काचेकडे बघून घाबऱ्या आवाजात विचारलं, "बाई, आता काय बोलू?"

बाईंना तरी कुठे ठाऊक होतं?