धूप म्हणून खपलेली भाजणी

"बाई, तुमचा धूप पेटत नाही हो."

घाटकोपरच्या एका ग्राहक भांडाराचे मॅनेजर सामंत आमचाच फोडलेला पुडा हातात धरून उभे होते. हे म्हणाली ती शेजारची, पुडा परत करायला आलेली गिऱ्हाईक बाई.

"तीनदा निखाऱ्यावर टाकला," ती म्हणाली. "धूर होतो, पण वास येतो थालीपीठ करपल्याचा. आरतीला आलेली माणसं विचारायला लागली, आज जेवायला काय आहे म्हणून."

"अहो, ते थालीपीठाचंच पीठ आहे," मी म्हणाले. "भाजणी."

सामंतांनी पुडा उलटा केला, सुलटा केला. "मग ही पुड्यावरची बाई टाळ का वाजवतेय?"

उत्तर मला ठाऊक होतं. पण ते देण्यापेक्षा मी साबणाच्या खोक्यांमागे लपणं पसंत केलं असतं.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी आणि माझी मैत्रीण कुंदा मुलुंडला एका भाड्याच्या गाळ्यात भाजणी करायचो. धान्यं आणि डाळी वेगवेगळ्या भाजायच्या, मग एकत्र दळायच्या. हाताखाली चार बायका होत्या. माल उत्तम, पण साध्या पिशवीत भरून ओळखीच्या घरी जायचा. भांडारात जागा मिळवायला मी सामंतांकडे खूप खेटे घातले. शेवटी ते म्हणाले, "आधी नीट छापील पुडा करा. मग दसऱ्यापर्यंत ठेवून बघतो. गिऱ्हाइकांनी मागून नेला, तर दिवाळीच्या फराळाच्या कप्प्यात जागा देईन."

भाजणीवाल्यांची वर्षाची कमाई दिवाळीतच होते. तो कप्पा मिळाला नाही तर गाळा सोडायचा, असं कुंदाचं आणि माझं ठरलेलं होतं.

म्हणजे पुडा चांगला करून देणारा माणूस हवा होता. कुंदानं जवळच्या गावठाणातले पेंटर पास्कल आणले. दुकानांच्या पाट्या रंगवायचे, घरी स्क्रीन प्रिंटिंग करायचे. नखांत हिरवा रंग. आल्या आल्या त्यांनी चिमूटभर भाजणी तोंडात टाकली आणि विचारलं, "बाई, हा पुडा दुकानात कुठं बसणार? आणि गिऱ्हाईक त्याच्यापासून किती लांब उभा राहणार?"

मी मनात म्हटलं, ह्यांना काय करायचंय? मी त्यांना नमुने मागितले. ते म्हणाले, "नाक्यावर चला, सगळ्या पाट्या माझ्याच हायत." मी माझ्या डायरीत त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'व्हिजन नाही'. हा शब्द मी त्याच आठवड्यात एका मासिकात वाचला होता.

मग मी अंधेरीच्या एका जाहिरात एजन्सीत गेले. लग्नातला शालू नेसून. भाजणीच्या कामासाठी शालू! त्या ऑफिसात एसी होता, काचेच्या पेटीत मासे होते आणि रॉनी नावाचा एक गोड मुलगा होता. त्याच्या कार्डावर 'अकाउंट एक्झिक्युटिव्ह' लिहिलेलं. मला वाटलं, हा हिशेब बघतो. तसं नसतं. गिऱ्हाइकाशी बोलून त्याला काय हवंय ते चित्रं काढणाऱ्यांपर्यंत पोचवणारा तो अकाउंट एक्झिक्युटिव्ह. रॉनी 'कॉन्सेप्ट' म्हणाला, मी मान हलवली. 'अपमार्केट' म्हणाला, मी आणखी हलवली. पुड्यावर सगळं इंग्रजीच हवं, हा हट्ट मात्र माझा. आपला माल फ्लॅटमधल्या लोकांनी घ्यावा, अशी माझी आकांक्षा. मी स्वतः चाळीत राहत होते, आणि थालीपीठ आमच्या चाळीतच सगळ्यात जास्त व्हायचं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

रॉनीनं कागदावर लिहून घेतलं, BHAJANI. तो कागद आत स्टुडिओत गेला. आतल्या आर्टिस्टला मराठी येत नव्हतं. त्यानं कुणाला तरी विचारलं, ही भजनी काय भानगड? कुणीतरी सांगितलं, भजन म्हणणारी असेल.

पंधरा दिवसांनी आर्टवर्क आलं. आर्टवर्क म्हणजे छापायला द्यायचं मूळ चित्र, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, वर पातळ कागदाचं पांघरूण. मी पांघरूण उचललं. नऊवारीतली एक सुंदर बाई, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान, वर उचललेल्या हातांत टाळ.

"हे... टाळ?" मी विचारलं.

"मूड आहे मॅडम," रॉनी म्हणाला. "ट्रॅडिशन. फेस्टिव्हल."

"हो हो, मूड," मी म्हणाले. आणि खाली सही केली, 'ओके टू प्रिंट'. एवढी ऐटबाज सही मी लग्नाच्या रजिस्टरमध्येही केली नव्हती. पिशव्यांची छपाई थोडी करता येत नाही. मशीन एकदा चाललं की पिशव्या हजारोंनीच निघतात. तशा त्या निघाल्या.

गाळ्यात गठ्ठा सुटला तेव्हा कुंदा माझ्यावर मालवणीत घसरली. "अगो, ह्या काय गो? ही बाय टाळ कित्याक वाजयता? भाजणी खावन भजन करूचा आसा काय?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणाले. "मूड आहे."

आणि गंमत म्हणजे माल धडाधड खपला! गणपती होते. सामंतांच्या दुकानातल्या माणसानं पुडा पाहिला आणि सरळ उदबत्ती-कापराच्या शेजारी लावला. आठ दिवसांत अर्ध्याहून जास्त पुडे गेले. मी कुंदापुढे गाळ्यात छाती काढून फिरत होते. "बघितलंस? अपमार्केट!" मग गौरी-गणपती गेले आणि गिऱ्हाइकं धुपाची तक्रार घेऊन यायला लागली.

सामंतांना मी सगळं खरं सांगून टाकलं. ते हसले नाहीत, ह्याचे उपकार मी अजून मानते. "उरलेले पुडे घेऊन जा," ते म्हणाले. "दसरा हलणार नाही. तोवर काही करता आलं तर आणा."

उरलेले पुडे घेऊन मी गाळ्यावर आले आणि कुंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चल, पास्कलकडे. बोलणं मी करणार. तू फक्त उभी राहा."

पास्कलनी पुडा पाहिला आणि हसत हसत ओट्यावर बसले. त्यांच्या बायकोनं बाहेर येऊन विचारलं, "काय झालं?" त्यांनी पुडा दाखवला, तीही बसली. मग डोळे पुसून ते म्हणाले, "हात चांगला हाय हां ह्याचा. चेहरा बघा काय काढलाय. त्याची चूक नाय. हे खातात, असं त्याला कोण बोललाच नाय."

"नवीन पिशव्या परवडणार नाहीत," कुंदा म्हणाली.

"नवीन कशाला? मला आधी दुकान बघू द्या."

दुसऱ्या दिवशी ते घाटकोपरच्या भांडारात दुपारपर्यंत उभे राहिले. तेव्हा अशा दुकानांत गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे उभं राहायचं, माल पलीकडे फळ्यांवर. हात लावायची सोय नव्हती. पास्कल परत आले ते हिशेब घेऊन. "काउंटर ते फळी सहा पावलं. इंग्लिश कोणी वाचत नाय, 'ते लाल द्या, ते पिवळं द्या' असंच मागतात. आणि फळीला पुढून पट्टी हाय, पुडा अर्धाच दिसतो. वरचा अर्धा. म्हणजे बाईचं तोंड आणि टाळ."

"वाट लागली," मी म्हणाले.

"लागली कशी? तेवढंच तर आपल्याला पाहिजे."

त्यांनी एक गोल लेबल काढलं. खरपूस तपकिरी थालीपीठ, मध्ये भोक, बाजूला लोण्याचा गोळा. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये चौकटीवर ताणलेल्या कापडाची नको तिथली छिद्रं बुजवतात आणि वरून रंग ओढतात. उरलेल्या छिद्रांतून खाली चित्र उमटतं. त्यांच्या ओटीवर दोऱ्या बांधून थालीपीठं वाळत घातली होती. ते लेबल टाळांवर अचूक बसलं. ज्या बाईचं मघापर्यंत भजनात भान हरपलं होतं, ती आता गरम थालीपीठ नाकाशी धरून वास घेत होती. मिटलेले डोळे, समाधान, सगळं जागच्या जागी. डोक्यावर एक पट्टी, तिच्यावर देवनागरीत एकच शब्द, 'भाजणी'. एवढा मोठा की सहा पावलांवरून माझ्या सासूलाही दिसला असता, आणि तिला मोतीबिंदू होता.

पितृपक्षात नवं काही सुरू करत नाहीत. आम्ही जुन्यावरच चिकटवत होतो, त्यामुळे कुणाची हरकत आली नाही. सहाही जणी खळ लावत बसलो.

सामंतांनी पुडे पिठांच्या फळीवर ठेवले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गेले तेव्हा फळी रिकामी होती. मी घाबरले, परत पाठवले की काय?

"संपले," सामंत म्हणाले. "बायका 'ती वास घेणारी द्या' म्हणून मागतात. दिवाळीला चकलीची भाजणी किती देता?"

चकलीही गोलच असते. पास्कलनी आठवड्यात नवं लेबल काढून दिलं. पुढं गाळा असेपर्यंत आमची सगळी छपाई त्यांच्याकडेच राहिली. नवीन पिशव्या केल्या तेव्हा मी ती बाई काढून टाकायला निघाले होते. पास्कल आणि कुंदा दोघांनी मला गप्प बसवलं.

मध्ये रॉनीचा फोन आला होता. "मॅडम, रिस्पॉन्स कसा आहे?"

"फार धार्मिक," मी म्हणाले.

"ग्रेट!" तो म्हणाला.

आता कुणी घरगुती धंदा काढला की सल्ला विचारायला माझ्याकडे येतं. कुठली एजन्सी चांगली, ते मला सांगता येत नाही. एवढंच सांगते. छापायचं चित्र समोर आलं की त्यावरचा शब्द मोठ्यानं वाचा आणि ज्यानं ते काढलंय त्याला विचारा, हे खातात, लावतात की जाळतात? तो जरा जरी थांबला, तर पेनाचं टोपण उघडू नका.