कोपऱ्यातल्या वाकळा

देवाने माणसाला दोन कान दिले ते डावा आणि उजवा स्पीकर एकाच वेळी पोचतो की नाही हे तपासायलाच, याविषयी लातूरच्या आमच्या साडूंच्या मनात तिळमात्र शंका नाही. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, नाहीतर कॉलनीतल्या भांडणांत लक्ष घालतात. साडूंनी पुढच्या खोलीत होम थिएटर बसवलं. बसवलं म्हणणंही खरं नाही, ते बरीच वर्षं बसतच होतं. स्पीकर आज वीतभर पुढे, उद्या चार बोटं मागे, परवा तोंड जरासं सोफ्याकडे. मी नांदेडहून गेलो की चहाच्या आधी मला त्या सोफ्यावर बसवून "आता फरक कळायलाय का?" असं विचारत. मला कधीच कळायचा नाही, पण मी मान हलवायचो. "स्पीकर कुणीबी घेतंय हो साडूभाऊ," ते म्हणत, "पण खोली ऐकू आली पायजे."

खोली ऐकण्यासाठी ते टाळी वाजवायचे. कुठल्याही नव्या घरात शिरलं की चपला काढायच्या, मधोमध उभं राहायचं, एकच टाळी द्यायची आणि ती विरेपर्यंत मान तिरकी करून ऐकायचं. अर्धापूरला त्यांच्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो होतो. केळीच्या पैशांतून बांधलेलं नवं घर, खाली गुळगुळीत फरशी, समोर भलीमोठी काच. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली आणि नेमकी तेव्हाच साडूंनी टाळी दिली. मुलीच्या मामांना वाटलं, पसंती झाली. त्यांनी घाईघाईने पेढ्यांचा डबा मागवला. साडू अतिशय गंभीरपणे मुलीच्या वडिलांना म्हणाले, "लई घुमायलीय तुमची खोली. जाड पडदे लावा." ते लग्न जमलं. पडदेही लागले.

मोजमापाचा दिवस म्हणजे त्या घरात सोवळंच. सोफ्यावर स्वतःच्या कानाच्या उंचीला एक लहानसा माइक उभा करायचा, मग एकेका स्पीकरमधून सुंईऽऽ असा आवाज सोडायचा आणि खोली त्या आवाजाचं काय करते ते यंत्राला ऐकू द्यायचं. तेवढा वेळ पंखा बंद, कुकर बंद, माणसंही बंद. एकदा हे चाललेलं असताना नळाला पाणी आलं. लातुरात नळाला पाणी आलं की माणूस जेवता जेवता ताटावरून उठतो. पण त्यांच्या पत्नीने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, मोटार लावलीच नाही. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणायचो. आक्कांनी नळाला फडकं बांधलं, धार पिंपाच्या कडेने सोडली आणि थेंबसुद्धा वाजू न देता घरातलं भांडं न् भांडं भरून ठेवलं. पाणी येऊन गेलं हे साडूंना संध्याकाळी कळलं. प्रेम वगैरे शब्द त्या घरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. ते फडकं मात्र मी विसरलेलो नाही.

एवढं करूनही खिडकीजवळचा एक कोपरा साडूंना दाद देत नव्हता. ढोलाचा, पखवाजाचा, कुठलाही जाड आवाज तिथे जाऊन घुमायचा. त्यांनी हैदराबादहून फोम मागवला, पडदे बदलले, कपाट सरकवलं, कोपरा ऐकेना. मग दिवाळीची साफसफाई निघाली. आक्कांना वाकळा शिवण्याचा नाद होता. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून दाट टाके मारायचे. एकेक वाकळ अशी वजनदार व्हायची की अंगावर घेतल्यावर कूस बदलायला विचार करावा लागे. वाकळांची पेटी पुसायची म्हणून आक्कांनी सगळ्या वाकळा काढून त्या कोपऱ्यात रचल्या. साडूंनी सवयीने टाळी दिली. कोपरा गप्प. "हलवू नको!" ते ओरडले. तेव्हापासून ती छातीएवढी चळत तिथून हलली नाही. पाहुण्यांचे त्यामुळे हाल झाले. ऐन थंडीत माझी बायको वाकळ मागायची आणि साडू तिला दोन चादरी अन् एक टॉवेल आणून द्यायचे. "एक काढली की आवाज सुटतो," हे त्यांचं कारण. आक्का हसून म्हणायच्या, "ज्यांच्यासाठी शिवल्या ते कुडकुडायलेत, अन् कोपरा मात्र गरम हाय."

गेल्या वर्षी आक्का गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

आमच्याकडे तेरावं झालं की गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकतात. माझ्या बायकोने रडत रडत सगळी आवराआवर केली आणि त्यात कोपऱ्यातली चळतही गावाबाहेर पालं ठोकून राहिलेल्या ऊसतोड मजुरांना देऊन टाकली. ती चळत तिथे कशासाठी होती हे तिला ठाऊक होतं, पण असल्या दिवसांत स्पीकर कुणाला आठवतात? साडू पाहुण्यांना बसस्टँडवर सोडून घरी आले. दारातच ते सहज खोकले आणि खोकला कोपऱ्यातून परत आला. त्यांनी तिकडे पाहिलं. बायकोच्या तेव्हा लक्षात आलं. "दाजी, मी आत्ता वापस आणते. पालं अजून तिथंच हाइत." साडूंनी दारात चपला काढल्या. मग म्हणाले, "नको. पांघरायलेत की ती लोकं. वापस कसं मागायचं?"

त्यानंतर त्यांनी होम थिएटर लावलं नाही. फोनवर विचारलं तर म्हणत, "खोली बिघडली हो." उन्हाळ्यात ते नांदेडला आमच्या नव्या घरी आले, चपला काढल्या आणि सरळ खुर्चीवर जाऊन बसले. टाळी नाही. मला ते पाहवलं नाही. ते गेल्यावर बायको म्हणाली, "दाजीचं घर मुकं केलं मी."

थंडी पडल्यावर तिने आमच्याकडच्या वाकळा बाहेर काढल्या. एक आमच्या लग्नातली, बाकीच्या मुलांच्या जन्माच्या वेळच्या, सगळ्या आक्कांच्या हातच्या. त्या बांधून आम्ही लातूर गाठलं. साडूंनी गाठोडं सोडलं, एका हिरव्या काठावरून बोट फिरवलं. "हे माझ्या आईचं लुगडं," एवढंच म्हणाले. मग काठाला काठ लावून वाकळा कोपऱ्यात रचल्या आणि मधोमध येऊन उभे राहिले. आम्ही श्वास रोखून धरला. टाळी वाजली. मान तिरकी झाली. "बरंच कमी झालं की," ते म्हणाले आणि कितीतरी महिन्यांनी त्या घरात गाणं लागलं.

बायको सोफ्याच्या टोकाला अंग चोरून बसली होती. खिडकीतून गार वारा येत होता, पण आवाज होईल म्हणून ती खिडकी लावायलाही उठली नाही. साडूंनी तिच्याकडे एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग ते उठले, कोपऱ्यातली सगळ्यांत वरची, हिरव्या काठाची वाकळ काढली, झटकली आणि तिच्या अंगावर घातली.

"दाजी, आवाज सुटंल की," ती म्हणाली.

"सुटू दे. तुझ्या आक्कानं पांघरायलाच शिवली होती."

गाण्यातला पखवाज कोपऱ्यात घुमू लागला. माझ्यासारख्या बहिऱ्यालाही या खेपेस फरक कळला. साडूंनाही तो कळत होताच. प्रत्येक थापेला त्यांच्या कपाळावर आठी पडत होती. गाणं संपेपर्यंत ते जागचे उठले नाहीत.