सीलच्या पार्कात प्रोकोपी

प्रोकोपीने उभं आयुष्य बैकाल सरोवराच्या बर्फावर सीलची शिकार करण्यात घालवलं होतं. घसरगाडीला पांढरं शीड लावायचं, त्याच्या आडून पोटावर सरपटत जायचं आणि ऊन खात पडलेल्या सीलच्या डोक्यात गोळी घालायची. नेम चुकलाच, तर आकड्याने ओढून कवटी फोडायची. रक्त बर्फावर वाफाळायचं. घरात तेल, मांस, कातडं यायचं, त्यामुळे त्याला त्यात कधी वावगं वाटलं नाही.

सरोवराच्या काठी सीलचं पार्क उघडलं, तेव्हा त्याची बायको उस्तिन्या हटूनच बसली. तू आणलेली मेलेलीच पाहत आले, एकदा जिवंत बघू दे, म्हणाली.

टाकीतली लठ्ठ मादी चेंडू उडवत होती. लोक टाळ्या पिटत होते. मग ती फळीवर चढेनाशी झाली. तिला खेळवणारा गावातलाच ग्लेब लोकांकडे बघून हसला आणि फळीच्या आडून त्याने लोखंडी सळई तिच्या नाकाडावर हाणली. प्रोकोपी कडेला बसला होता. त्याला पाणी लाल होताना दिसलं. ग्लेबने परत हाणली. तिसऱ्यांदा हात उचलला, तोवर प्रोकोपी कठडा ओलांडून आत गेला होता.

"मारायची तर मारून टाक. असली छळू नकोस."

"बाहेर हो, म्हाताऱ्या. तू काय बर्फावर त्यांना कुरवाळत होतास?"

प्रोकोपीने सळई हिसकावली आणि त्याच्या जबड्यावर घातली. हाड मोडल्याचा आवाज उस्तिन्याने वरच्या बाकावर ऐकला. ग्लेब दात थुंकत आडवा झाला. पोरं किंचाळत सुटली. प्रोकोपीने मादीची जखम बघायला उजवा हात पुढे केला, तर पिसाळलेल्या जनावराने तोच धरला आणि झटके देत चिरडला.

इस्पितळात दोन बोटं कापावी लागली. उस्तिन्या रश्श्याचं भांडं घेऊन खाटेपाशी बसली.

"चावलं कोण? तो की ती?"

"ती."

"मग तिचं बरोबर आहे," ती म्हणाली आणि त्याला चमच्याने रस्सा भरवू लागली.

पार्कवाल्यांनी खटला भरला. प्रोकोपीने सगळं कबूल केलं आणि हिवाळाभर तुरुंगात राहिला. मादी खटला उभा राहण्याआधीच जखमेने मेली होती. वसंतात सुटून आल्यावर तो डाव्या हाताने बंदूक धरायला शिकला आणि पुन्हा बर्फावर गेला.