माहेर एकोणतिसावं

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईवर मी जळत होते, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याला ते कळलं होतं, लेकीला कळलं नव्हतं, आणि त्या बाईला कळलं असेल तर तिनं तसं कधी दाखवलं नाही. ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती हसरी होती, कुणाच्या अडीअडचणीला गाडी घेऊन धावत होती, मी काही पाठवलं तर डबा कधी रिकामा परत करत नव्हती, आणि तिला बास्केटबॉल खरोखर कळत होता. बाकीचं सगळं मी चालवून घेतलं असतं. हे शेवटचं मला सहन होत नव्हतं.

बास्केटबॉल आमच्या घरात आला तो माझ्या लोभापायी. लेक इथलीच, बहरीनमध्ये जन्मलेली, पहिल्यापासून इंग्रजी शाळेत. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संसार. "भूक लागली का गं?" "नॉट रिअली." "दप्तर कुठे टाकलंस?" "इन माय रूम." कराडहून आईचा फोन आला की ती कानाला लावून नुसती हो-हो करायची आणि फोन माझ्या हातात द्यायची. आठ-नऊ वर्षांची असताना तिला अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचं वेड लागलं. निदान शेजारी तरी बसावं, म्हणून मीही बघायला लागले. चेंडू कुठे गेला ते मला कळायचं नाही, पण माणसं कळायची. बाकावर टॉवेल घेऊन बसलेल्या एका खेळाडूकडे बघून मी म्हणाले, "हा रुसलाय बघ. याला या घरात राहायचं नाही." थोड्याच दिवसांत त्याला खरोखरच दुसऱ्या संघात पाठवलं. लेक माझ्याकडे बघतच राहिली.

"आई, तुला कसं कळलं?"

अख्खं वाक्य मराठीत होतं. त्या दिवसापासून मी तो खेळ सोडला नाही.

त्या लीगमध्ये तीस संघ. हंगामाच्या मधोमध, फेब्रुवारीत, एक दिवस येतो. तोपर्यंत संघ आपसात खेळाडूंची अदलाबदल करू शकतात, त्यानंतर खलास, आहे त्या माणसांनिशी हंगाम काढायचा. आमच्या घड्याळात ही मुदत गुरुवारी रात्री उशिरा संपते आणि शुक्रवारी इथे सुट्टी. म्हणून शुक्रवारी सकाळी पोह्यांच्या बशा घेऊन आम्ही दोघी जमिनीवर बसायचो आणि तीसही संघांची नवी क्रमवारी लावायचो. कोण वर चढलं, कोण घसरलं, कुणी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

संघांची खरी नावं मला लक्षात राहत नसत. तेव्हा मी त्यांना आमच्या नात्यातली नावं दिली. सतत जिंकणारा आणि ते दुसऱ्याला विसरू न देणारा संघ म्हणजे थोरली जाऊ. दरवर्षी म्हातारे नावाजलेले खेळाडू गोळा करणारा संघ म्हणजे बोहारणीशी घासाघीस करणारी मिरजेची आत्या. काहीही न करता मान मागणारे ते व्याही. लेकीनं ही तीस नावं जुन्या कॅलेंडरच्या कागदांमागे स्वतःच्या हातानं देवनागरीत लिहिली आणि त्या पट्ट्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या. थोरल्या जावेबद्दल इंग्रजीत बोलता येत नाही, बोलून बघा. त्यामुळे वर्षातली ती एक सकाळ माझी लेक तीन-तीन तास मराठीत भांडायची. आकडे ती सांगायची. नवा आलेला माणूस त्या घरात रुळेल की नाही, ते मी सांगायचे.

आणि माझा स्वतःचा एक संघ होता, माहेर. गरीब, सदा हरणारा. चांगला पोरगा तयार केला रे केला की दुसऱ्या कुणाच्या तरी घरी पाठवून द्यायचा. वाढवायचं यांनी, नांदायचं दुसरीकडे. म्हणून ते नाव. गुणांनी तो तळालाच असायचा, पण मी पहिल्याच वर्षी लेकीला बजावलं होतं, माहेर तिसावं ठेवायचं नाही. काहीही होवो, एकोणतिसावं. ती आधी हटून बसली, हे चीटिंग आहे म्हणाली, मग तिनंच डब्याच्या झाकणावर मार्करनं 'माहेर २९' असं लिहून टाकलं. तो आमच्या घरचा नियम झाला.

सगळं असं छान चाललेलं असताना मागच्या सप्टेंबरात ती बाई वर राहायला आली. मूळची नागपूरची, विद्यापीठाच्या संघातून खेळलेली, आता सखीरच्या युनिव्हर्सिटीत शिकवायला लागलेली. एकटी. लेकीला खाली पार्किंगमध्ये चेंडू आपटताना तिनं पाहिलं आणि पायातल्या चपला बाजूला काढून तिच्याशी खेळायलाच लागली. त्या संध्याकाळी लेक घरी आली ती "मावशी म्हणते" घेऊनच. मावशी म्हणते, चेंडूकडे नाही, समोरच्याच्या कमरेकडे बघायचं. मावशी म्हणते, माझा डावा हात वीक आहे. मावशी म्हणते, अंडी खा. मी सात वर्षं अंडी खा म्हणून कानीकपाळी ओरडत होते, ते गेलं आमच्या या हिद्दच्या समुद्रात.

मी कशी वागले तेही सांगते. तिला पाठवायच्या चिवड्यात मी शेंगदाणे कमी घालायला लागले. संक्रांतीला तिच्या गुळाच्या पोळ्या फुटल्या तेव्हा मला मनापासून आनंद झाला आणि मी तिला तोंड भरून म्हणाले, "अहो, होतं असं." झल्लाकच्या किनाऱ्यावर लेकीच्या शाळेच्या संघाची सहल होती, तिथे आई म्हणून मी गेले आणि मावशी म्हणून ती आली. त्या दोघी ओल्या वाळूत उकिडव्या बसून बोटानं रेघोट्या ओढत होत्या, कोण कुठून धावणार, कुणी कुणाला अडवायचं. मी टॉवेल आणि पाण्याची बाटली धरून उभी. लेकीनं मान वर केली तेव्हा मला वाटलं, आता बोलावेल. तिनं पाणी मागितलं.

"तुला काय, ती तुझी लेक पळवून नेणारे का?" नवरा त्या रात्री जेवताना म्हणाला. पळवून न्यायची गरजच नव्हती. लेक अकरावीत होती. अजून दीड वर्ष, मग कॅनडा नाहीतर अमेरिका. हाताशी राहिलेल्या दोन फेब्रुवारींतली एक ही होती.

मुदतीच्या गुरुवारी ती शाळेतून आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "आई, उद्या रँकिंग मावशीकडे करतेय. शी हॅज द बिग टीव्ही. तू पण ये ना."

"मी कशाला? तुम्ही खेळाडू माणसं."

"आई, डोंट बी लाइक दॅट."

"मी कुठे काय म्हटलं? जा की."

तिनं खांदे उडवले. शुक्रवारी सकाळी मी उठून स्वयंपाकघरात गेले, तेव्हा फ्रीजवरचा श्रीखंडाचा डबा जागेवर नव्हता. ती वर जाणार हे मी गिळलं होतं. पण डबा नेला! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या डब्यात माझी थोरली जाऊ होती, माझी आत्या होती. आता ती सगळी त्या बाईच्या सतरंजीवर पसरणार आणि लेक तिला समजावून सांगणार, कोण कोण आहे ते. घरातल्या कपाटाच्या किल्ल्या कुणी परक्याच्या हातात द्याव्यात, तसं मला झालं.

मग मी ठरवलं की क्रमवारी आपणही लावायची. एकटीनं. आणि अशी लावायची की त्या बाईनं तोंडात बोट घालावं. पोहे भिजवले, फोन समोर उभा केला आणि रात्रीत झालेल्या सगळ्या अदलाबदली वाचून काढल्या. जाणकार काय म्हणतात ते ऐकलं. ऑफिसच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर एक ते तीस आकडे घातले. कोण रुसलं, कोण रुळेल, असलं काही मनात आणायचं नाही, असं स्वतःला बजावलं. कुणाचा बचाव पक्का, कुणाकडे उंच माणूस नाही, कुणी पुढच्या वर्षांची आशा विकून यंदाची सोय केली, सगळं नीट तोलून लिहिलं.

"एवढा अभ्यास बारावीला केला असतास तर आज डॉक्टर असतीस," नवरा बाल्कनीतून म्हणाला. तो बंदराच्या क्रेनकडे बघत चहा पीत होता.

"तुम्ही गप्प बसा."

शेवटी माहेराशी आले. त्यांनी याही खेपेला आपला सगळ्यात चांगला पोरगा देऊन टाकला होता, बदल्यात आला होता एक दुखऱ्या गुडघ्याचा. जाणकारांचं एकमत होतं, हा संघ तळाचा. माझं पेन क्षणभर थांबलं, हे मी नाकारत नाही. पण मला त्या बाईचा चेहरा दिसला. माहेर एकोणतिसावं का, असं तिनं विचारलं तर मी काय सांगणार? भावनेच्या भरात वाहून जाणारी बाई म्हणून हसणार ती. मी तीस आकड्यापुढे माहेर लिहिलं, खाली रेघ मारली आणि पोह्यांना फोडणी घातली.

अकराच्या सुमाराला पोह्यांचा डबा आणि वर घडी केलेला कागद घेऊन मी जिना चढले. दार उघडंच होतं. दोघी खाली बसलेल्या, पट्ट्यांची लांब रांग सोफ्यापासून टीव्हीपर्यंत गेलेली. श्रीखंडाचा डबा त्या बाईच्या मांडीशी, आणि तिच्या हातात थोरली जाऊ.

"या ताई, या! बरं झालं आल्या," ती म्हणाली. "ही थोरली जाऊ काही माझ्याच्यानं खाली उतरत नाही."

माझ्या जावेला ती जाऊ म्हणाली आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी कागद तिच्यापुढे धरला. "मीही लावलीय. सहज."

तिनं तो उघडला आणि वाचत गेली. वाचताना तिच्या भुवया वर जात होत्या. खोटं का बोलू, तो माझ्या आयुष्यातल्या मोठ्या सुखाच्या क्षणांपैकी एक होता. "बापरे ताई. हे तुम्ही एकटीनं केलं? आत्या बाविसावी, अगदी बरोबर. व्याही इतके खाली, हे तर माझ्याही लक्षात नव्हतं आलं." मग ती शेवटाशी पोचली आणि जोरात हसली. "अन् हे पाहा! मी केव्हाची सांगून राहिली हिला, की हे माहेर तिसावंच आहे. ऐकतच नाही पोरगी. तासभर भांडली माझ्याशी. म्हणते, नियम आहे. म्हणते, तुम्ही बाकी सगळं हलवा, पण माहेराला हात लावायचा नाही. आता बघ गं, तुझी आईच काय म्हणते!"

कागद लेकीच्या हातात गेला.

तिनं तो सगळा वाचला नाही. थेट खाली गेली. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या पुढ्यात पट्ट्यांची रांग होती आणि रांगेत शेवटून दुसरी, नऊ वर्षांच्या मुलीच्या थोराड अक्षरातली, माहेराची पट्टी होती. तिच्यावर श्रीखंडाच्या डब्याचं झाकण ठेवलं होतं, कुणी हलवू नये म्हणून.

"तू शेवटी टाकलंस?"

"अगं, त्यांनी तो पोरगा देऊन टाकला ना," मी म्हणाले. "आणि सगळेच म्हणतायत."

"मग मी सकाळपासून कशाला भांडत होते?"

एकही इंग्रजी शब्द नव्हता त्यात. इतकी वर्षं मी ज्या मराठीसाठी झुरत होते ती अशी माझ्या पुढ्यात आली. तिसऱ्या मजल्यावरची बाई उठली, बशा आणते म्हणून आत गेली. ती शहाणी होती, हे मला तेव्हाही कळलं आणि तेव्हाही आवडलं नाही.

लेकीनं झाकण उचललं. माहेराची पट्टी दोन बोटांनी धरून तिसाव्या जागेवर ठेवली, तिथली पट्टी वर सरकवली, आणि हात धुवायला गेली.

नळाचा आवाज येत होता. मी खाली वाकले आणि पट्टी उचलून पुन्हा एकोणतिसावी ठेवली, झाकणही वर ठेवलं. लेक ओले हात झटकत आली, रांगेकडे पाहिलं आणि बसली. तिनं झाकण बाजूला केलं, पट्टी परत खाली नेली आणि पोह्यांचा डबा उघडला.